चष्म्याच्या डबीतला चिमटा

मी चिमटा बोलतोय. स्वयंपाकघरात विस्तवाशी खेळणारा तो लांबलचक, आडदांड चिमटा नव्हे; तो फार तर माझा चुलत भाऊ. मी बोटभर लांबीचा, पोलादी, टोकाला अगदी बारीक. पार्लरमध्ये माझ्या भावंडांना ‘प्लकर’ म्हणतात. मला मात्र कित्येक वर्षं कुणी काहीच म्हटलेलं नाही. मी या घरात आहे हे फक्त एका बाईला माहीत होतं, आणि तिनं माझं नाव कधी तोंडातून काढलं नाही.

खरं तर केस उपटण्यासाठी माझा जन्म झालेलाच नाही. बारीक अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्यात मला पोलादाच्या पट्टीतून कापलं, वाकवलं, दगडावर घासून टोकं जुळवली. एका कामगारानं मला उजेडासमोर धरलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि “हा चांगला आलाय” असं म्हणून बाजूला ठेवलं. एवढं कौतुक पुढं कुणी केलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलंय.

तिथून मी चष्म्याच्या दुकानात आलो. चष्म्याच्या काडीला जो स्क्रू असतो, तो मोहरीपेक्षाही लहान. माणसाच्या बोटांत तो यायचा नाही, माझ्या चिमटीत यायचा. दुकानाच्या मागच्या टेबलावर मी फिटरच्या हाताखाली काम करायचो आणि पुढं काउंटरवर एक मुलगी असायची. नुकतीच कामाला लागलेली, पण बोलणं समजूतदार, म्हणून मालकासकट सगळे तिला ‘ताई’ म्हणायचे. मीही ताईच म्हणतो.

ताईचं काम गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवायचं. समोरासमोर बसायचं, काड्या कानामागं सारायच्या, सैल आहे का, टोचतंय का विचारायचं. डोक्यावर पांढरेफेक दिवे, चारी बाजूंनी आरसे. आणि वर्षानुवर्षं धुकट दिसलेल्या माणसाला नवा चष्मा लावला, की त्याला पहिल्यांदा लख्ख दिसतो तो समोरचा चेहरा. म्हणजे ताईचा! लोक हरखून जायचे. “अगं बाई, केवढं स्वच्छ दिसतंय!” ताई हसायची आणि हसता हसता हनुवटी छातीशी घ्यायची. एवढी गोड मुलगी प्रत्येक वेळी मान खाली का घालते, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

एकदा दुपारी दुकान रिकामं होतं. फिटर जेवायला गेला होता. ताईनं मला हळूच उचललं, आरशाकडं पाठ करून हातातला छोटा आरसा हनुवटीखाली धरला आणि मला एक केस पकडायला लावला. मी ओढला. चांगला जाड, काळा, तारेसारखा ताठ. असले केस साध्या चिमट्यातून निसटतात. माझ्यातून निसटला नाही. ताईनं तो नखावर ठेवून पाहिला. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि किळसही.

“मालक, हा चिमटा जुना झालाय. नेऊ का घरी? काटाबिटा काढायला होईल.”

“न्या की,” मालक मान वर न करता म्हणाले.

तिनं मला चष्म्याच्या एका रिकाम्या डबीत घातलं. बाहेरून काळी, आतून हिरवी मखमल, झाकणाला स्प्रिंग. टप्‌ करून झाकण मिटलं. तेव्हापासून हेच माझं घर.

डबी ताईच्या पर्समध्ये असायची, त्यामुळं तिच्या दुखण्याची हकीकत मला हळूहळू समजत गेली. तिची पाळी चार-चार महिने यायची नाही आणि यायची तेव्हा धरण फुटल्यासारखी. दोन घास कमी खाल्ले तरी वजन चढतच राहायचं. चेहऱ्यावर पुरळ, हनुवटीवर आणि ओठावर केस. तिच्या आईनं तिला एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी गोळ्या लिहिल्या आणि चिठ्ठी फाडता फाडता म्हणाले, “काळजीचं काही नाही. लग्न झालं की सगळं मार्गी लागतं.”

जिना उतरताना आई दबक्या आवाजात म्हणाली, “हे कुणाकडं बोलायचं नाही. सख्ख्या मैत्रिणीलासुद्धा नाही. अजून तुझं जमायचंय.”

ताईनं ते इतकं मनावर घेतलं, की जमल्यावरही बोलली नाही, आणि जमून वर्षं लोटल्यावरही नाही.

नवरा छापखान्यात कामाला. भला माणूस. आवाज मोठा, स्वभाव साधा. घरात बाथरूम एकच, कडी जरा कडक. बेसिनवरच्या फळीवर त्याचं रेझर, ब्रश, फेसाची ट्यूब अशी सगळी फौज उघड्यावर मांडलेली. तो दाढी करायचा ती दार सताड उघडं ठेवून, गाणं म्हणत. फोन वाजला तर अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून बाहेरच्या खोलीत जायचा. आणि मी? मी डबीत, डबी कापडी पिशवीत, पिशवी गिझरच्या मागं. त्याच्या हनुवटीवरचे केस घरभर मिरवायचे. तिच्या हनुवटीवरच्यांना एवढीशी जागा.

सकाळी तो उठायच्या आत ताई उठायची. कडी लावायची, नळ बारीक सोडून ठेवायची आणि आरशाला नाक लावून उभी राहायची. डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधायची. आदल्या दिवशी उपटलेल्या जागी दुसऱ्या दिवशी खुंट हाताला लागायचा. काही कातडीच्या आत वळून बसायचे, त्यांना उकरून काढावं लागायचं. मग लाल डाग, डागावर पावडर.

नवऱ्यानं कधी लाडानं हनुवटीला हात लावायचा प्रयत्न केला, की ताई मान फिरवायची. एकदा तो म्हणाला, “माझ्या हाताला काय काटे आहेत का गं?”

“नाही हो. गुदगुल्या होतात.”

त्याला ते पटलं. आपल्या बायकोला जगावेगळ्या गुदगुल्या होतात, असा त्याचा समज झाला तो कायमचा. पण त्यानंतर त्याचा हात फारसा पुढं आला नाही.

ताई मुक्कामाला कुठं जायची नाही. भावाच्या घरीसुद्धा सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मूल व्हायला खूप वर्षं लागली. गोळ्या, इंजेक्शनं, पुन्हा गोळ्या. शेवटी दिवस राहिले. दवाखान्यात जायची वेळ आली तेव्हा कळा येत असतानासुद्धा तिनं मला बाळाच्या दुपट्यांच्या घडीत सरकवलं. दुसऱ्या दिवशी बाळाला पाजता पाजता, पांघरूण डोक्यावरून घेऊन तिनं मला बाहेर काढलं. खोलीत आलेली नर्स म्हणाली, “थंडी वाजतेय का हो?” पांघरुणातून उत्तर आलं, “हो, थोडीशी.”

मुलगी झाली. इवलीशी, म्हणून तिचं नाव पडलं टिल्ली.

आता खरं तर ताईनं स्वतःकडं बघायला हवं होतं. पाळी पुन्हा महिनोन्‌महिने येईनाशी झाली होती. पण मूल तर झालं, मग कशाला डॉक्टर, असं तिनं ठरवून टाकलं. उलट तिला ते सोयीचंच वाटायचं. मी चेहरा स्वच्छ ठेवत होतो, त्यामुळं आतलंही सगळं स्वच्छच असेल अशी तिची समजूत झाली.

टिल्ली वाढली. आईपेक्षा बोटभर उंच झाली तरी नाव टिल्लीच राहिलं. ती शाळेत व्हायोलिन शिकायची. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत तिचा सराव चालायचा, सुरुवातीला दार करकरावं तसा, नंतर खरोखर गोड. ऐकता ऐकता मला डबीतल्या अंधाराचाही विसर पडायचा.

मग सूर बंद पडायला लागले. आज हात दुखतोय, उद्या परीक्षा आहे. एके दिवशी शाळेतून आली ती थेट बाथरूममध्ये. कडी लावली. फळीवरचं वडिलांचं रेझर घेतलं, कोरडंच हनुवटीवर फिरवलं आणि कापलं. रक्त थांबवायला कापूस शोधताना तिचा हात गिझरच्या मागं गेला. पिशवी, पिशवीतली डबी, डबीत मी.

तिनं मला उजेडात धरलं. मग आरशात पाहिलं. हनुवटीखाली, जिथं व्हायोलिन टेकवतात नेमकं तिथं, चार-पाच काळे केस होते. मुली हसल्या होत्या, हे तिच्या पुटपुटण्यावरून मला कळलं. “व्हायोलिनची तार तुटली की हिच्या हनुवटीची लावा,” असं कुणीतरी म्हणालं होतं.

त्या दिवसापासून मी दोघींचा झालो. सकाळी आई, दुपारी मुलगी. तीच कडी, तोच आरसा, तेच लाल डाग. आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण चिमट्याला घसा कुठला!

एके सकाळी ताईनं डबी उघडली तर माझ्या टोकाला एक केस चिकटलेला. कोवळा, काळाभोर. ताईचे तोवर निम्मे पांढरे झाले होते. ती कितीतरी वेळ त्या केसाकडं बघत राहिली. मग पालथ्या बादलीवर मटकन बसली.

आता बोलेल, असं मला वाटलं. संध्याकाळी बाहेरून आवाज आला तो एवढाच, “अभ्यास झाला का गं?” “झाला.”

दुसऱ्या दिवशी ताईनं डबीत माझ्याशेजारी कापसाचा बोळा आणि मलमाची छोटी ट्यूब ठेवली. दुपारी टिल्लीनं डबी उघडली आणि थबकली. आईला कळलंय, हे तिला कळलं. तिनं मलम लावलं, टोपण घट्ट बसवलं आणि ट्यूब होती तशी परत ठेवली. मलम संपलं की नवीन यायचं. दोघींना माहीत होतं, दोघींना एकमेकींना माहीत असल्याचंही माहीत होतं. आणि जेवताना विषय काय, तर मीठ कमी पडलंय का. अशी शांतता मी त्या डबीतही कधी अनुभवली नव्हती.

शाळेच्या कार्यक्रमाचा दिवस उजाडला. टिल्ली एकटी स्टेजवर वाजवणार होती. तयार व्हायला म्हणून ती आत आली आणि मला घेऊन आरशासमोर उभी राहिली. एक केस आत वळलेला होता. तिनं टोक खुपसलं. निघेना. पुन्हा खुपसलं. मग जिथं केस नव्हता तिथंही. मी नुसता तिच्या बोटांत होतो, मला मागं सरता येत नव्हतं. हनुवटीवरून रक्ताचा ओघळ गळ्यापर्यंत आला.

“टिल्ले, पोट बिघडलंय का?” बाहेरून वडिलांचा आवाज. “अगं, बाई वाट बघत असतील.”

“मी नाही येणार.”

“पण झालं काय?”

 त्यांनी बरंच दार वाजवलं, शेवटी ताईच्या दुकानात फोन लावला. ताई काउंटर सोडून धावत आली. दाराबाहेर तिचा धापा टाकल्याचा आवाज मी ओळखला.

“दार उघड, टिल्ली.”

“नाही.”

“मला माहितीये काय झालंय ते.”

“तुला काही माहीत नाही! तू नुसतं मलम ठेवतेस.”

“कसलं मलम?” वडील म्हणाले.

 मग ताईचा आवाज आला, अगदी सपाट, चष्म्याचा नंबर वाचून दाखवावा तसा.

“माझ्याही हनुवटीवर येतात, टिल्ली. तुझ्याएवढी होते तेव्हापासून. रोज काढते.”

“काय येतात?” पुन्हा वडील.

“केस. तुम्हाला येतात तसे.”

आणि ताईचा नवरा हसला. एकदाच, ‘हॅ’ करून. समोरचा माणूस घसरून पडला की आपल्या तोंडून निसटतं ना, तसलं हसू. लगेच गप्प झाला. पण ते दारातून आत पोचलं होतं.

टिल्लीचा हात थांबला. तिनं कडी काढली. वडिलांकडं बघितलंसुद्धा नाही. आईचं मनगट धरलं, तिला आत ओढलं आणि कडी परत लावली.

त्या एवढ्याशा जागेत ताई बादलीवर बसली आणि टिल्ली ओल्या फरशीवर. ताईनं कापूस भिजवून तिची हनुवटी पुसली. 

“मला वाटायचं मीच एकटी अशी आहे.”

“मलाही असंच वाटायचं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

ताईनं कापूस पिळला. “बोललेच नाही, तर तुझ्यापर्यंत येणारच नाही, असं काहीतरी वाटत होतं.”

“आलं ना पण.”

“हो गं. आलं.”

कार्यक्रमाची वेळ तशीच निघून गेली. बाहेर वडिलांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. मग दाराशी ठेवलेली व्हायोलिनची पेटी त्यांनी उचलून आत नेल्याचा आवाज आला.

पुढच्या आठवड्यात दोघी एका डॉक्टरबाईंकडं गेल्या. सवयीनं मी पर्समध्ये होतोच. डॉक्टरबाईंनी टिल्लीला सगळं नीट विचारलं, तपासलं, रक्ताचे रिपोर्ट बघितले. “याला पीसीओएस म्हणतात. अंडाशयाचं आणि हार्मोन्सचं गणित बिघडतं. केस हे नुसतं वर दिसणारं लक्षण. यात तुझी काही चूक नाही, आईचीही नाही. पार जाणार नाही हा आजार, पण ताब्यात राहतो.”

“आयुष्यभर?” टिल्लीनं विचारलं.

“लक्ष आयुष्यभर ठेवावं लागेल.” मग त्या ताईकडं वळल्या. “आणि तुमची पाळी शेवटची कधी आली होती?”

ताईला आठवेना. “आता नाही येत हो फारशी. बरंच आहे की, कटकट गेली.”

डॉक्टरबाईंचं लिहिणं थांबलं.

मग तपासण्या सुरू झाल्या, त्या ताईच्या. रक्तात साखर निघाली. गर्भाशयाचं अस्तर वर्षानुवर्षं साचून जाड झालं होतं. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत रोज सकाळी ती मला हातात घ्यायची, आरशासमोर धरायची आणि एकही केस न काढता परत डबीत ठेवायची. एकदा दाराबाहेरून नवरा म्हणाला, “त्या दिवशी मी हसलो ना, ते... मला काय बोलावं सुचलंच नाही.”

“मलाही वीस वर्षं सुचलं नाही,” ताई म्हणाली. त्या दोघांचं त्यावरचं बोलणं एवढंच झालं.

निकाल आला. कॅन्सर नव्हता. पण असंच सोडून दिलं असतं तर त्या वाटेनं गेलं असतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आता गोळ्या आणि दर काही महिन्यांनी तपासणी.

“आधी आले असते तर?” ताईनं विचारलं.

“आता आलात ना,” त्या म्हणाल्या.

टिल्लीचं व्हायोलिन पुन्हा सुरू झालं, असं सांगायला मला आवडलं असतं. ते पलंगाखाली आहे. गोळ्यांनी तिला मळमळतं, केस थोडे कमी झालेत, गेलेले नाहीत. ताई अजून कडी लावते. “घरात कळलं तेवढं बास. बाहेर कुणाला कळायला नको,” असं तिनं टिल्लीला बजावून ठेवलंय. 

मागच्या महिन्यात टिल्लीची आत्या चार दिवस राहायला आली. बाथरूमवर तिचा ताबा म्हणून ताईनं मला डबीतून काढून गाऊनच्या खिशात ठेवलं होतं. टिल्लीनं काय केलं, तर तिनं ते चार दिवस मला आईकडून मागून घेतलंच नाही. मुद्दाम. तिसऱ्या दिवशी जेवताना आत्याची नजर गेलीच.

“अगं टिल्ले, हे काय हनुवटीवर? पार्लरला जात नाहीस का? मुलीच्या जातीनं जरा नीटनेटकं राहावं. उद्या कोण बघेल तुझ्याकडं?”

 टिल्लीचे वडील नुसते खाकरले. ताईचा हात खिशात आला आणि तिनं मला मुठीत धरलं. आता हनुवटी छातीशी घेईल, हसेल, विषय बदलेल, असंच मला वाटलं. इतकी वर्षं मी दुसरं काही पाहिलं नव्हतं.

“वन्सं, ते तिला माझ्याकडून आलंय. हार्मोन्सचा आजार आहे, आम्हा दोघींनाही. औषध चालू आहे. तुम्हाला भाजी वाढू का अजून?”

आत्यानं ताट थोडं पुढं सरकवलं. 

“वाढ थोडी,” आत्या म्हणाली.

ताईनं एका हातानं वाढली. दुसऱ्या हाताची मूठ तिनं इतकी आवळली होती, की माझं टोक तिच्या तळव्यात रुतलं. खिशाच्या अस्तरावर रक्ताचा ठिपका पडला. आवाज मात्र जराही कापला नव्हता.

आत्या गेली. ती बाहेर कुणाला काय सांगणार, या धास्तीनं ताई त्यानंतर दोन दिवस धड जेवली नाही. आता मी पुन्हा डबीत, डबी गिझरमागं. लाजेचं जाळं एका झटक्यात सुटत नाही. पण कधीकधी कडी लागते तेव्हा आत दोघी असतात, आणि टिल्लीला जिथलं दिसत नाही तिथलं तिची आई काढून देते. “आई, हळू.” “झालं, झालं.”

तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. कपाटाच्या मागं, मोज्यात, पर्सच्या चोरकप्प्यात. त्याला फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. आम्ही आमचं काम इमानानं करतो. पण आम्हाला फक्त केस धरता येतो हो. डॉक्टरनं बघायचं ते आम्हाला दिसत नाही, आणि आईनं बोलायचं ते आम्हाला बोलता येत नाही. तेवढं तरी आमच्यावर टाकू नका.

बाहेर पावलं वाजतायत. पिशवी हलली. झाकण उघडेल आता. आज दोघींतली कोण आहे, बघतो.